सांडपाण्यात करंट सोडून चांदी, तांबं, खत काढणं : पेपरात दिसतं तसं खरंच चालतं का?

जास्वंदी
मंडळी, जरा काथ्याकूट हवाय. रसायनशास्त्रात एमएस्सीचं शेवटचं वर्ष आहे आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय सांडपाण्यातून इलेक्ट्रोकेमिस्ट्रीने उपयोगी पदार्थ परत मिळवणे. सध्या पेपर वाचतेय आणि आता शंका यायला लागलीय, कारण बघावं त्या पेपरात रिकव्हरी ९० टक्क्यांच्या वर, इलेक्ट्रोड एकदम स्टेबल, आणि मेथडचा भाग उघडला की "सांडपाणी" म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन क्षार विरघळवलेले. खऱ्या पाण्यात साबण, तेल, केस, माती, बॅक्टेरिया सगळंच असतं ना? तर ज्यांनी प्लेटिंग (धातूचा मुलामा देणं), एसटीपी (मैलापाण्याचा प्लांट), ईटीपी (कारखान्याच्या सांडपाण्याचा प्लांट) अशा ठिकाणी हात काळे केलेत त्यांनी सांगा, धातू, नायट्रोजन, फॉस्फरस यातलं काय खरंच निघतं आणि काय फक्त पेपरातच निघतं. गाईडने तिन्ही पर्याय मोकळे ठेवलेत, त्यामुळे गोंधळ जास्तच.

पाणचट
वाचतोय. धागा नाकाला रुमाल लावून वाचावा लागणार असं दिसतंय.

कॅथोडकाका
जास्वंदी, धातूंचं म्हणशील तर यात नवीन काही नाही, नोकरीची सगळी वर्षं हेच करण्यात गेली. एक्स-रे आणि फोटो फिल्म धुतल्यावर जो वापरलेला फिक्सर उरतो ना, त्यात लिटरला काही ग्रॅम चांदी असते, फिक्सरमधल्या थायोसल्फेट नावाच्या रसायनाला चिकटलेली. त्यात कॅथोड (ऋण टोकाचा पत्रा) बुडवून करंट दिला की चांदी पत्र्यावर बसते. हिशोब फॅरेडेने १८३० च्या दशकातच करून ठेवलाय : एक अँपिअर करंट एक तास चालला की जास्तीत जास्त ४.०२ ग्रॅम चांदी, तांबं असेल तर १.१९ ग्रॅम. त्याच्या वर कोणाचा बाप काढू शकत नाही, आणि ज्या पेपरात आकडा याच्या वर जातो तो पेपर बंद करून ठेव.

पण खरी मजा शेवटी शेवटी येते. सुरुवातीला कॅथोडवर छान राखाडी पांढरट थर बसत असतो, घट्ट, हाताने पुसला तर निघत नाही. मग चांदी कमी होत जाते आणि तू करंट तेवढाच ठेवलास तर थर आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा होतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणजे चांदी संपत आलीय आणि करंट आता थायोसल्फेटचाच सल्फाइड करत बसलाय, तो काळा गाळ म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. म्हणून चांगल्या यंत्रात करंट उतरवत नेतात आणि कॅथोडचा ड्रम फिरता ठेवतात. हे एवढं समजलं की या विषयातलं निम्मं समजलं असं माझं मत आहे.

प्रश्नचिन्ह
काका, मी केमिस्ट्रीवाला नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. चांदी कमी उरली तर करंट वाढवून लवकर का नाही काढता येत? उलट कमी का करायचा?

कॅथोडकाका
बाळबोध नाहीये, हाच प्रश्न आहे. कॅथोडला अगदी लागून पाण्याचा एक पातळ थर असतो, मिलिमीटरचाही छोटा अंश, जो ढवळलं तरी फारसा हलत नाही. धातूचा आयन तिथून फक्त डिफ्यूजनने सरकत येतो आणि तो किती वेगाने येणार हे पाण्यात तो किती आहे त्यावर ठरतं. स्टँडवर बसगाड्या वाढवून उपयोग काय, प्रवासी जेवढे येतायत तेवढेच येणार. जादा करंट मग दुसरं काहीतरी करतो, बहुतेक वेळा पाणी फोडून हायड्रोजन सोडतो. तू मीटरवर भरपूर अँपिअर बघतोस पण धातू बसतोय थोडाच. आणि बसतो तोही भुकटीसारखा, फांद्या फुटलेला, हात लावला की गळून पडणारा.

आकड्यात सांगतो. तांब्याचं घट्ट द्रावण, लिटरला चाळीसेक ग्रॅम, सेलला २ व्होल्ट, करंटचा ९० टक्के भाग तांब्यावर गेला तर किलोला १.९ युनिटच्या आसपास वीज लागते. तेच तांबं प्लेटिंगनंतरच्या धुवणाच्या पाण्यात आहे, लिटरला ५० मिलिग्रॅम, सेलला ३ व्होल्ट पडतायत आणि करंट कामाला येतोय २० टक्के, तर किलोला साडेबारा युनिटच्या वर गेलास. तांबं तेच, इलेक्ट्रॉन तेच, फरक फक्त पातळपणाचा.

यावर लोकांनी डोकं लढवलंय. सपाट पत्र्याऐवजी कार्बन फेल्ट किंवा स्पंजसारखा कार्बन, म्हणजे छोट्या जागेत भरपूर पृष्ठभाग. फिरते कॅथोड. काचेच्या मण्यांचा उकळल्यासारखा हलणारा बेड. आणि सगळ्यात जास्त चालतं ते म्हणजे आधी आयन एक्स्चेंज रेझिनवर (आयन धरून ठेवणारे बारीक मणी) धातू पकडायचा, थोड्याशा ॲसिडने उतरवून घट्ट करायचा आणि मग सेलमध्ये घालायचा. पेपरात हा रेझिनचा भाग येत नाही कारण तो जुनाट दिसतो.

उंटावरचा_शहाणा
काकांशी सहमत, एक पुरवणी. धातू सोपे का तर तांबं अधिक ०.३४ व्होल्टवर बसतं, चांदी अधिक ०.८० वर, दोन्ही हायड्रोजनच्या आधी. निकेल उणे ०.२५ आणि झिंक उणे ०.७६, तिथे हायड्रोजनशी मारामारी आहे, पीएच सांभाळावा लागतो. त्यामुळे "हेवी मेटल रिकव्हरी" असं सरसकट लिहिणाऱ्याला आधी विचारायचं, कुठला मेटल?

जास्वंदी
काका, हे भारीच. पण खरं सांगायचं तर माझा जीव नायट्रोजनमध्ये अडकलाय. स्टॅनफर्डच्या टारपे यांच्या ग्रुपचं लघवीतून अमोनिया काढण्याचं काम वाचलं. शहराच्या सांडपाण्यात लघवीचा वाटा एक टक्क्याच्या आसपास पण नायट्रोजनपैकी साधारण ८० टक्के आणि फॉस्फरसपैकी निम्मा तिच्यातून येतो म्हणे. त्यांचा सेल असा : एका बाजूला लघवी, मध्ये फक्त धन आयनांना वाट देणारं मेम्ब्रेन, पलीकडे कॅथोड. करंट दिला की अमोनियम मेम्ब्रेनमधून पलीकडे जातो, कॅथोडवर पाणी फुटून हायड्रॉक्साइड तयार होत असतो त्यामुळे तिथला पीएच वाढलेला, मग अमोनियमचा अमोनिया वायू होतो, तो पाणी न झिरपणाऱ्या दुसऱ्या एका पडद्यातून पार जाऊन सल्फ्युरिक ॲसिडमध्ये अडकतो. हातात काय येतं तर अमोनियम सल्फेट, सरळ खत. कॉस्टिक वेगळं घालावं लागत नाही, हे मला फार देखणं वाटलं.

पाणचट
१६६९ मध्ये हेनिग ब्रांट नावाचा किमयागार लघवी आटवून सोनं काढायला गेला आणि त्याला फॉस्फरस मिळाला. साडेतीनशे वर्षं झाली, माणसं अजून त्याच बादलीपाशी उभी आहेत.

गाळसम्राट
पाणचटराव 😀

मी एसटीपी चालवतो, त्यामुळे जरा जमिनीवरचं सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या मैलापाण्यात अमोनियाचा नायट्रोजन लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम. त्याचं आम्ही काय करतो, तर हवा मारून मारून बॅक्टेरियाकडून नायट्रेट करून घेतो आणि मग दुसऱ्या बॅक्टेरियांकडून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतो. एक किलो अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, प्लांटच्या विजेतला साधारण निम्मा भाग ब्लोअर खातात. आणि तिकडे दुसऱ्या टोकाला हेबर-बॉश प्लांट त्याच हवेतून नायट्रोजन ओढून गॅस जाळून अमोनिया बनवतोय. एका हाताने बनवा, दुसऱ्या हाताने मोडा, वर मोडताना थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो जो कार्बन डायऑक्साइडच्या २७० पट वगैरे तापवतो. तेव्हा जास्वंदीताई, अमोनिया परत मिळवा या कल्पनेला माझा विरोध नाहीच, रोज ब्लोअरचा आवाज ऐकणाऱ्याचा नसतोच.

पण मेन लाईनच्या पाण्यात तुमचा सेल लावायचा म्हणाल तर नको. ४० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला जेमतेम ३ मिलिमोल. सोडियम त्याच्याहून जास्त असतो, शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम. मेम्ब्रेन काही अमोनियमला ओळखून आत घेत नाही, जो धन आयन दाराशी आला तो गेला. तुम्ही विजेचा खर्च करून बहुतेक सोडियमच इकडून तिकडे नेणार.

उंटावरचा_शहाणा
आणि दुसरं, कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाणी वीज किती सहज वाहून नेतं ते. मैलापाण्याची सेंटिमीटरला १ मिलिसीमेन्सच्या आसपास धरा. दोन इलेक्ट्रोडमध्ये १ सेंटिमीटर अंतर आणि चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर चालवायचे म्हटले तर नुसतं पाणी ओलांडायला १० व्होल्ट गेले, रिॲक्शन अजून सुरूही झाली नाही. ते सगळं पाणी कोमट करण्यात जातं. तेच साठवलेल्या लघवीत कंडक्टिव्हिटी २० च्या पुढे असते, मग तोच आकडा अर्ध्या व्होल्टवर येतो. पेपरमध्ये सोडियम सल्फेटचं सपोर्टिंग इलेक्ट्रोलाइट (करंट सहज वाहावा म्हणून मिसळलेला क्षार) घातलेलं असतं ना, तो या १० व्होल्टवर टाकलेला पडदा आहे. मेथडमध्ये तेवढी एक ओळ आधी शोधायची.

आता विजेचा ताळेबंद. अमोनियम आयनामागे एक इलेक्ट्रॉन, म्हणजे किलो नायट्रोजनला कमीत कमी १९१० अँपिअर-तास. सेलला ३ व्होल्ट आणि ६० टक्के करंट कामी आला असं धरलं तर साडेनऊ युनिट. हेबर-बॉशच्या चांगल्या प्लांटला टन अमोनियामागे साधारण ३० गिगाज्यूल लागतात, नायट्रोजनवर मोडलं तर किलोला १० युनिटइतकी ऊर्जा. आकडे जवळजवळ सारखे, पण तिकडे ती गॅसची ऊर्जा आहे आणि इकडे वीज, हे विसरायचं नाही. मात्र इकडे ब्लोअरची वाचलेली वीजही जमेला धरा, गाळसम्राटांच्या ४.५७ किलो ऑक्सिजनला दोन-तीन युनिट तरी जातात (डीनायट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होताना, त्यातला थोडा ऑक्सिजन परत मिळतो, तो वजा करून घ्या). म्हणजे घट्ट पाण्यात गणित बसू शकतं. पातळ पाण्यात नाही बसत, मग कॅटॅलिस्ट कितीही नॅनो असो.

जास्वंदी
म्हणजे लघवी मुळातच वेगळी गोळा केली तरच?

गाळसम्राट
वेगळी गोळा करणं उत्तमच पण त्यासाठी बिल्डिंगचं प्लंबिंग बदलावं लागतं आणि त्याची स्वतःची एक कटकट आहे. ताज्या लघवीत नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, त्याला चार्जच नाही, तो मेम्ब्रेनमधून ओढला जाणार नाही. पाईपमधल्या बॅक्टेरियांच्या युरिएज एन्झाइमने तो फुटून अमोनिया होतो, पीएच ९ च्या आसपास चढतो, आणि चढला की पाईपच्या वळणात पांढरं दगडासारखं चढतं. स्ट्रुवाइट (मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा क्षार) आणि कॅल्शियम फॉस्फेट. खिळ्याने खरवडावं लागतं.

पण वेगळी न करताही एक जागा आहे जी पेपरवाले कमी बघतात. गाळ डायजेस्टरमध्ये कुजवून झाला की सेंट्रिफ्यूजमध्ये पिळतो, त्यातून जे काळपट पाणी निघतं ते आम्ही परत प्लांटच्या सुरुवातीला सोडतो. प्रवाहाच्या मानाने ते टक्काभर, पण अमोनिया लिटरला ५०० ते १५०० मिलिग्रॅम, आणि प्लांटवर येणाऱ्या नायट्रोजनच्या १५ ते २० टक्के भार एवढ्याशा पाण्यातून परत फिरतो. वर कोमटही असतं. सेल लावायचाच तर तिथे लावा. माझ्या मते या सगळ्या विषयात कुठला कॅटॅलिस्ट हा प्रश्न दुय्यम आहे, कुठल्या पाईपवर हा पहिला.

कॅथोडकाका
गाळसम्राट, +१. आमच्याकडेही हेच. धुवणाच्या सगळ्या टाक्या एका गटारात सोडल्या की खेळ संपला, मग चुना घालून गाळ करा आणि गाडी भरून पाठवा. तांब्याची पहिली धुण्याची टाकी वेगळी ठेवली तर तिच्यातून तांबं निघतं.

प्रश्नचिन्ह
अवांतर : सांडपाण्यातून बॅक्टेरिया वीज बनवतात असं ऐकलं होतं, मग बाहेरून करंट द्यायचाच कशाला?

उंटावरचा_शहाणा
मायक्रोबियल फ्युएल सेल. पॉटरने १९११ मध्येच बॅक्टेरियांपासून वीज दाखवली होती. जिओबॅक्टरसारखे जीव सेंद्रिय घाण खाऊन इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देतात, हे खरं आहे आणि विलक्षण आहे. पण एका सेलचा व्होल्टेज एक व्होल्टसुद्धा भरत नाही आणि करंट तुटपुंजा. त्याचाच भाऊ मायक्रोबियल इलेक्ट्रोलिसिस सेल : बॅक्टेरिया थोडं काम करतात, बाकी तुम्ही थोडा व्होल्टेज द्यायचा, हायड्रोजन मिळतो. थिअरीने ०.१४ व्होल्ट पुरतात, पाणी फोडायला १.२३ लागतात त्यापुढे काहीच नाही, प्रत्यक्षात अर्धा ते एक द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात एका वाइनरीच्या सांडपाण्यावर १००० लिटरचा पायलट चालवला, रिझल्ट २०११ मध्ये छापून आले. करंट आला, घाणही खाल्ली गेली, पण हायड्रोजन मिथेनवाल्या जंतूंनी मधल्यामधे गट्टम केला आणि वायू निघाला तो बहुतेक मिथेन. मला हा पेपर फार आवडतो, जे झालं ते सरळ लिहिलंय.

जास्वंदी
आणि नायट्रेटचा अमोनिया करणारे कॅटॅलिस्ट? सध्या सगळे तेच करतायत, तांबं, कोबाल्ट, सिंगल ॲटम काय काय.

उंटावरचा_शहाणा
एका नायट्रेटला आठ इलेक्ट्रॉन. वरच्याच ३ व्होल्टने, शंभर टक्के एफिशिअन्सी धरून, किलो नायट्रोजनला ४६ युनिट. अमोनियम नुसता हलवायला एक इलेक्ट्रॉन पुरतो. ज्या पाण्यात नायट्रेट आयताच घट्ट आहे आणि काढून टाकणं भागच आहे तिथे ठीक. मैलापाण्यातल्या अमोनियाचा हवा मारून नायट्रेट करायचा आणि मग विजेने पुन्हा अमोनिया, हे म्हणजे द्राविडी प्राणायाम.

निळी_शाई
उशिरा आले धाग्यावर. फॉस्फरसवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. नायट्रोजन हवेत अमाप आहे, फॉस्फरस खाणीतून येतो आणि जगातल्या रॉक फॉस्फेटच्या ज्ञात साठ्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. युरोपियन युनियनने २०१४ मध्येच त्याला क्रिटिकल कच्च्या मालाच्या यादीत टाकलं, जर्मनीने २०१७ च्या नियमाने मोठ्या प्लांटना २०२९ पासून गाळातला फॉस्फरस परत मिळवणं बंधनकारक केलंय. त्यामुळे या बाजूला रेटा आहे.

इलेक्ट्रोकेमिकल रस्ता असा की ॲनोडच (धन टोकाचा इलेक्ट्रोड) मॅग्नेशियमचा घ्यायचा. तो विरघळत जातो, मॅग्नेशियम पाण्यात येतं, कॅथोडवर हायड्रॉक्साइड होऊन पीएच वाढतो, आणि अमोनियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम एकत्र येऊन स्ट्रुवाइटचे खडे खाली बसतात. मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॉस्टिकचे ड्रम नकोत. मॅग्नेशियम इतकं उतावीळ असतं की वीज फार लागत नाही, पण तोच त्याचा दोष, करंट नसतानाही ते पाण्याशी भांडून हायड्रोजन सोडत झिजतं, त्यामुळे फॅरेडेच्या हिशोबापेक्षा जास्त धातू संपतो. वर स्ट्रुवाइटचा थर ॲनोडवरच बसला की करंट पडतो. धातूच्या पट्टीपेक्षा साधा मॅग्नेशियमचा क्षार घालणं पुष्कळ ठिकाणी सोपं पडतं असं माझं मत. मोठ्या प्लांटमध्ये तर गाळ जाळून राखेतून ॲसिडने फॉस्फरस काढण्याशी स्पर्धा आहे.

गाळसम्राट
निळीशाईताई, थर बसण्याचं तुम्ही लिहिलंत ते ठळक करून वाचा म्हणतो मी. अमोनियाच्या सेलमध्येही तेच होतं, कॅल्शियम मॅग्नेशियम मेम्ब्रेन ओलांडून गेले की पलीकडे पीएच वाढलेला, लगेच पांढरा थर. पोलॅरिटी उलटी करून सोडवतात किंवा ॲसिडने धुतात, पण धुवायला किती ॲसिड लागलं हे हिशोबात धरत नाहीत. दुसरं म्हणजे ॲनोड. पाण्यात क्लोराइड असतोच, ॲनोडवर त्याचा क्लोरीन होतो, तो अमोनियाला गाठून क्लोरामाइन किंवा थेट नायट्रोजन वायू करतो. म्हणजे जे परत मिळवायचं तेच जाळून टाकलं, शिवाय सेंद्रिय घाणीबरोबर क्लोरीनयुक्त नको ते पदार्थ.

उंटावरचा_शहाणा
यावर एक छान तोड आहे. कॅथोडवर हायड्रोजन फुकट सुटत असतो, तो ॲनोडकडे नेऊन गॅस डिफ्यूजन इलेक्ट्रोडवर (वायू आत झिरपू देणारा सच्छिद्र इलेक्ट्रोड) जाळायचा. मग ॲनोडवर ऑक्सिजन किंवा क्लोरीन होतच नाही आणि सेलचा व्होल्टेजही बराच उतरतो. जास्वंदी, प्रोजेक्टला हा धागा पकडण्यासारखा आहे.

जास्वंदी
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवलीय. मग असं करते : नवा कॅटॅलिस्ट वगैरे नाही. एकच साधा सेल, टायटॅनियमवर ऑक्साइडचा कोट दिलेला ॲनोड, स्टीलचा कॅथोड, आणि तीन पाणी. बनवलेलं, मेन लाईनचं, आणि सेंट्रिफ्यूजमधून पिळून निघालेलं. एकच करंट ठेवून तिन्हीत किलो नायट्रोजनला किती युनिट ते मोजायचं, आणि मेम्ब्रेनवर काय काय चढतं ते शेवटी विरघळवून बघायचं. काही सुटतंय का?

कॅथोडकाका
करंट न देता तेवढाच वेळ एक रन घे. पडदा आहे, पीएच वेगळा आहे, थोडा अमोनिया नुसत्या डिफ्यूजनने जाणारच, तो वजा केल्याशिवाय करंटचं श्रेय करंटला देऊ नकोस. ॲसिडमध्ये किती अडकला आणि मूळ पाण्यातून किती कमी झाला, दोन्ही मोज, फरक पडला तर कुठेतरी उडतोय. आणि सेलचं झाकण घट्ट बंद करू नकोस, हायड्रोजनला वाट ठेव, फ्यूम हूडमध्येच चालव.

गाळसम्राट
सॅम्पल घेताना बाटली काठोकाठ भरा, वर हवा नको, लगेच बूच लावा. पिळलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड ठासून असतो, तो उडाला की पीएच आपोआप चढतो, अमोनिया निसटायला लागतो आणि लॅबला पोचेपर्यंत बाटलीच्या तळाशी स्ट्रुवाइट बसलेलं असतं. पीएच जागेवरच मोजा आणि लॅबमध्ये उघडल्यावर परत मोजा. आणि गाळून घ्या, त्यात गाळ पिळण्याआधी घातलेला पॉलिमर असतो, मेम्ब्रेनला असा चिकटतो की नंतर काढता येत नाही.